बोलोन्यातील पहिले दिवस: कामांचा क्रम कसा लावावा?

माणगंगा

नमस्कार.

बोलोन्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला असून मुंबईतील इटालियन वकिलातीकडून शिक्षणासाठीचा व्हिसाही हाती आला आहे. वर्ग सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतील आणि त्याआधी दोनेक आठवडे पोहोचावे, असा विचार आहे. आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी मी पहिलीच आहे, त्यामुळे आईवडिलांचे प्रश्न माझ्या प्रश्नांहून अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांची उत्तरे माझ्याकडे नाहीत.

पहिली अडचण अशी की प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर अडलेला दिसतो. निवास परवान्याच्या अर्जात पत्ता द्यायचा, पत्त्यासाठी घराचा करार हवा, करारासाठी इटालियन कर-क्रमांक हवा, बँकेला परवान्याची पावती हवी आणि शिष्यवृत्तीसाठी पुन्हा करार हवा. परवान्याचा अर्ज पोहोचल्यापासून आठ दिवसांत करावा लागतो असे वाचले, तेव्हापासून ही साखळी कोठून सुरू करावी हेच समजेनासे झाले आहे.

दुसरी अडचण घराची आहे. एका संकेतस्थळावर गावाच्या मध्यभागातील एक खोली अगदी माफक भाड्यात मिळते आहे. घरमालक सध्या दुसऱ्या देशात राहतात. दोन महिन्यांची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे पाठवल्यावर किल्ली कुरियरने पाठवू, असे ते म्हणतात. त्यांनी आपल्या पारपत्राची प्रतही पाठवली आहे. दुसरे काही मिळत नसल्याने बाबा पैसे भरायला तयार आहेत.

तिसरी गोष्ट जेवणाची. मी शाकाहारी आहे आणि अंडीही खात नाही. विद्यापीठाच्या भोजनालयावर अवलंबून राहता येईल का?

पोर्टिकोवासी

सर्वप्रथम, बाबांना पैसे पाठवू देऊ नका. मालक परदेशात, किल्ली कुरियरने, भाडे बाजारभावापेक्षा कमी आणि ओळख म्हणून पारपत्राची प्रत, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. ते पारपत्रसुद्धा बहुधा याआधी फसवल्या गेलेल्या कोणाचे तरी असते. घरांबद्दल येथील जाणती मंडळी अधिक सांगतील. मी कागदपत्रांपुरते लिहितो, कारण ते सोपस्कार नुकतेच पार पाडले आहेत.

साखळीचे पहिले टोक म्हणजे कर-क्रमांक, ज्याला येथे कोदिचे फिस्काले म्हणतात. हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो विनामूल्य मिळतो आणि त्यासाठी घराचा करार लागत नाही. अनेकांना तो व्हिसाच्या वेळी वकिलातीकडूनच मिळालेला असतो, तेव्हा आपली कागदपत्रे एकदा नीट पाहा. नसेल तर येथील करखात्याच्या कार्यालयात अर्ज करता येतो. हा क्रमांक हाती असला की घराचा करार, मोबाईलचे सिमकार्ड आणि बँकेतील खाते ही तिन्ही कामे मोकळी होतात.

आता परवान्याविषयी. आठ दिवसांची जी धास्ती सर्वांना असते, तिच्याबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे कामकाजाचे दिवस आहेत. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की या मुदतीत अर्ज दाखल व्हायला हवा, परवाना हाती यायला हवा असे नाही. परवाना येण्यास कित्येक महिने लागतात आणि तोवर इटलीत पोस्टाची पावतीच पारपत्रासोबत चालते. ज्या पोस्ट कचेरीत ‘स्पोर्तेल्लो अमिको’ नावाची खिडकी असते, तेथे अर्जाचे पाकीट फुकट मिळते. अर्ज भरून, पारपत्राच्या, प्रवेशपत्राच्या, आरोग्य विम्याच्या आणि आर्थिक पुराव्याच्या छायाप्रती जोडून पाकीट उघडेच न्यावे, कारण खिडकीवरील कर्मचारी कागद पाहून घेतात. सोबत १६ युरोचा मुद्रांक लागतो. तो पोस्टात मिळत नाही. तंबाखूच्या दुकानात मिळतो, ज्याच्या दारावर मोठा ‘टी’ असतो. मी भरले तेव्हा एक वर्षापर्यंतच्या परवान्याचे शुल्क ४० युरो, कार्डाच्या छपाईचे ३०.४६ युरो आणि टपालसेवेचे ३० युरो होते, म्हणजे मुद्रांक धरून एकूण ११६.४६ युरो. तेथेच क्वेस्तुरामध्ये, म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या परकीय नागरिकांच्या विभागात, बोटांचे ठसे देण्यासाठीची तारीख मिळते. पावती जपून ठेवा आणि तिची प्रत घरी पाठवून ठेवा.

पत्ता कायमचाच असावा अशी अट नाही. पहिले काही आठवडे आपण वसतिगृहात किंवा ओळखीच्या घरी राहत असाल तर तो पत्ता देता येतो. नंतर घर बदलल्यावर क्वेस्तुराला कळवावे लागते, एवढेच. मात्र कोणाच्या घरी उतरलात तर त्या यजमानाने आपल्याला ठेवून घेतल्याची लेखी माहिती ४८ तासांच्या आत पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती प्रत मागून घ्या. संकोच वाटेल, पण येथे ते कोणी मनाला लावून घेत नाही.

मुंबईहून बोलोन्याला थेट विमान नाही, त्यामुळे आपण बहुधा युरोपातील दुसऱ्या एखाद्या विमानतळावरून याल आणि पारपत्राची तपासणी तेथेच होईल. बोलोन्याचा बोर्डिंग पास टाकून देऊ नका, इटलीत कधी पोहोचलात हे त्यावरूनच दाखवता येते. विमानतळावरून रेल्वे स्थानकापर्यंत एकरुळी गाडी आहे, ती सुमारे सात मिनिटांत पोहोचवते. स्थानकाच्या दर्शनी भिंतीवरील घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेले दिसेल. ते नादुरुस्त नाही. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी तेथे झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ माणसे मेली, त्यांच्या स्मरणार्थ ते तसेच ठेवले आहे. नवखी मुले त्यावरून गाडीची वेळ पाहतात, म्हणून सांगितले.

इंद्रायणीकाठ

मी लग्नानंतर येथे आले आणि बरीच वर्षे याच शहरात राहते. दर सप्टेंबरात कोणत्या ना कोणत्या मराठी मुलामुलीचा फोन येतो आणि तो बहुतेक वेळा घरासाठीच असतो. हे विद्यापीठ आपल्या स्थापनेचे वर्ष १०८८ सांगते आणि विद्यार्थ्यांची निवाऱ्याची ओरडही जवळजवळ तितकीच जुनी असावी. अलीकडच्या काळात मात्र परिस्थिती खरोखर बिकट झाली आहे, कारण मध्यभागातील कित्येक घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली जातात. तेव्हा चार-सहा आठवडे घर न मिळणे यात आपला दोष नाही, हे आधी आईवडिलांना समजावून सांगा.

माझा सल्ला असा की पहिल्या महिन्यापुरती सोय विद्यार्थ्यांच्या निवासात किंवा होस्टेलात करून यावे आणि कायमची खोली येथे येऊन, डोळ्यांनी पाहून, सोबत राहणाऱ्या मुलींशी बोलूनच घ्यावी. भाषेची भीती बाळगू नका. खोल्यांच्या जाहिराती देणाऱ्यांत विद्यार्थीच अधिक असतात आणि त्यांना कामापुरते इंग्रजी येते. पैसे करार वाचून, सही करतानाच द्यायचे. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही, असे १९७८ च्या भाडेकायद्यात आहे. विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे मुदतीचा खास करार असतो, तो मिळाला तर उत्तम. करार तीस दिवसांत करखात्याकडे नोंदवावा लागतो. काही मालक नोंदणी टाळून भाडे थोडे कमी करण्याचे आमिष दाखवतात. त्याला बळी पडू नये, कारण नोंदणी नसलेला कागद शिष्यवृत्तीच्या कार्यालयात चालत नाही आणि भांडण झाले तर आपल्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही.

खोली पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. भाड्यात इमारतीचा खर्च आणि हिवाळ्यातील उष्णता धरली आहे का, हे पहिले. कपडे कोठे वाळत घालायचे, हे दुसरे. पो नदीच्या खोऱ्यातील नोव्हेंबरात धुक्यामुळे ते आठवडाभर ओलेच राहतात. आणि वीजजोडणी किती किलोवॉटची आहे. सामान्य इटालियन घराला ३ किलोवॉटची जोडणी असते. धुलाई यंत्र आणि ओव्हन एकाच वेळी लावले की सगळे घर अंधारात जाते आणि मग तळमजल्यावरचा खटका शोधत फिरावे लागते. आपल्याकडचे तीन जाड खिळ्यांचे प्लग येथे बसत नाहीत, बारीक दोन खिळ्यांचे बसतात.

आता जेवण. विद्यापीठाच्या भोजनालयात शाकाहारी पदार्थ असतात, पण अंडी न खाणाऱ्या माणसाला या शहरात थोडे डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण बोलोन्याचा ताजा पास्ता अंड्यांच्या कणकेचाच असतो. तोर्तेल्लिनी तर विसराच, त्यांत डुकराचे मांस असते आणि ती उकळतात तीही मांसाच्या रश्श्यात. त्यांची थोरली बहीण तोर्तेल्लोनी, हिच्या पोटात रिकोत्ता चीज आणि पालेभाजी असते, म्हणून शाकाहारी मुली ती निर्धास्तपणे मागवतात. पण वरची पारी अंड्याचीच. दुकानातील कोरडा पास्ता बहुतेक नुसत्या रव्याचा आणि पाण्याचा असतो, तो चालेल; पाकिटावर ‘ऊओवो’ हा शब्द दिसला तर परत ठेवा. पियादिना ही या प्रांताची चपातीसारखी भाकरी दिसायला अगदी निरुपद्रवी, पण पारंपरिक पद्धतीत ती डुकराच्या चरबीत मळतात. ऑलिव्ह तेलातली मागितली तर मिळते. पार्मिज्यानो चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, असते. याबाबत आपल्या घरी कितपत कडक आहे ते आपणच ठरवा.

घरी करून खाणे मात्र मुळीच अवघड नाही. हरभऱ्याच्या डाळीचे नसले तरी काबुली चण्याचे पीठ ‘फारिना दि चेची’ या नावाने कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते आणि त्याचे पिठले उत्तम होते. मसूर, चणे, राजमा यांचा तुटवडा नाही. तूरडाळ, पोहे, मोहरी, हिंग आणि कणिक यांसाठी रेल्वे स्थानकापलीकडच्या बोलोन्यीना भागातील बांगलादेशी आणि पाकिस्तानी किराणा दुकाने गाठा. दुकानांत गव्हाचे ‘इंतेग्राले’ पीठ मिळते, पण त्यात कोंडा जाडसर असतो आणि चपाती लाटताना फाटते. ज्वारीचे पीठ ‘सोर्गो’ या नावाने सेंद्रिय मालाच्या दुकानांत कधीमधी दिसते, महाग असते आणि जुने असले तर भाकरी थापताना चिरते. प्रेशर कुकर आणू नका. येथे चांगले मिळतात, पण त्यांना आपल्यासारखी शिट्टी होत नाही, वाफ सलग बाहेर पडत राहते. त्यामुळे शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ लावावे लागते. सामानात जागा उरली तर गोडा मसाला आणा, तो येथे कोणी विकत नाही.

माणगंगा

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना पहिला प्रतिसाद वाचून दाखवला आणि पैसे पाठवण्याचा बेत रद्द झाला आहे. पहिल्या महिन्यासाठी विद्यार्थी निवासात जागा मागितली आहे.

आणखी दोन शंका आहेत. आरोग्य विमा मी येथून वर्षभराचा घेतला आहे. तरीही इटलीच्या सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवावे का? आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचे जे कागद लागतात, ते तेथे पोहोचल्यावर करून घेता येतील का?

पोर्टिकोवासी

आरोग्यसेवेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नोंदवू नका. विद्यार्थ्यांसाठीचे ऐच्छिक नोंदणीचे शुल्क पूर्वी १५० युरोच्या आत होते, ते २०२४ पासून वर्षाला ७०० युरो झाले. त्यातही नोंदणी जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाची असते आणि रक्कम महिन्यांच्या हिशोबाने कमी होत नाही. म्हणजे ऑक्टोबरात पैसे भरले तरी ३१ डिसेंबरला ते संपले. आपल्याजवळ विमा आहे, परवान्याच्या अर्जाला तो पुरतो.

वेरूळकर

मी शेजारच्या मोदेना शहरात नोकरी करतो, त्याआधी बोलोन्यातच शिकलो. वरील सल्ल्याशी मी अर्धाच सहमत आहे. सप्टेंबर ते डिसेंबर नोंदणी करणे हा पैशाचा अपव्यय आहे, यात वाद नाही. पण विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त विमे बहुतेक अपघात आणि तातडीचे इस्पितळ एवढ्यापुरतेच असतात. दमा, थायरॉइड, मधुमेह असे नियमित औषधोपचाराचे दुखणे असेल तर ते कामाला येत नाहीत. सरकारी नोंदणी केली की आपल्या भागातील एक डॉक्टर आपला म्हणून निवडता येतो, त्याची फी लागत नाही आणि तज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी तोच देतो. तेव्हा आपल्या विम्याचा कागद ओळ न् ओळ वाचा आणि जानेवारीत निर्णय घ्या. प्रकृती ठणठणीत असेल तर पोर्टिकोवासी म्हणतात तसे करा.

शिष्यवृत्तीच्या कागदांबद्दल मात्र उत्तर एकच आहे: निघण्यापूर्वी करा. एमिलिया-रोमान्या प्रांतात ही शिष्यवृत्ती ‘एर्गो’ ही प्रादेशिक संस्था देते आणि तिच्या अर्जाची मुदत विद्यापीठाच्या मुदतीहून वेगळी असते, ती संकेतस्थळावर आजच पाहून ठेवा. पात्रता ठरते ती कुटुंबाची आर्थिक स्थिती दाखवणाऱ्या ‘इझे’ नावाच्या आकड्यावर. ज्यांचे उत्पन्न इटलीबाहेर आहे त्यांच्यासाठी हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात आणि ते काम ‘काफ’ नावाच्या कर-साहाय्य केंद्रांत होते. त्यांना कुटुंबात कोण कोण आहे याचा दाखला, आईवडील आणि कमावती भावंडे यांचे उत्पन्न, ३१ डिसेंबरला बँकेत असलेली शिल्लक आणि घराचे क्षेत्रफळ, हे सर्व अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठी सरकारी शिक्का मारलेले, आणि इटालियनमध्ये भाषांतरित हवे असते. अपोस्टिल भारतातच होते. येथे बसून आईवडिलांना तहसील कचेरी आणि मंत्रालय यांच्या चकरा मारायला लावणे हा क्रूरपणा आहे.

यात आपल्या मुलांची दोन ठिकाणी गाडी अडते. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचे जानेवारी ते डिसेंबर; तहसीलदारांच्या दाखल्यावर कोणता काळ लिहिला आहे आणि तो चालेल का, हे दाखला काढण्याआधीच काफला ई-मेलने विचारा. दुसरे, घर. परदेशातील इमारतीला दर चौरस मीटरला ५०० युरो असे ठरीव मूल्य धरतात, मग ती मुंबईत असो की माणदेशात. म्हणजे हजार चौरस फुटांचे, साधारण ९३ चौरस मीटरचे घर कागदोपत्री सुमारे ४६,५०० युरोचे ठरते. तालुक्याच्या गावातील जुन्या घराला हे मोल ऐकून वडील हसतील, पण हिशोब तसाच होतो. म्हणून दाखल्यावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्येच आणि बांधकामाचेच लिहून घ्या. अंगण, गोठा, मोकळी जागा त्यात मिसळू देऊ नका.

पैशाचा विषय निघालाच आहे तर हेही लिहितो की शिक्षणाच्या परवान्यावर आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते. पहिल्या सत्रात तिच्या भरवशावर राहू नये, कारण इटालियन येत नसताना मिळणारे काम भांडी आणि पार्सले यांच्यापलीकडे फारसे जात नाही.

पोर्टिकोवासी

विम्याचे म्हणणे मान्य. नियमित औषध चालू असलेल्या माणसाचा विचार मी केला नव्हता.

एक गोष्ट राहिली, ती वर्गांची. या विद्यापीठाची संकुले चेझेना, फोर्ली, राव्हेन्ना आणि रिमिनी येथेही आहेत. स्थापत्य अभियांत्रिकीचे मुख्य स्थान बोलोन्यातच, सारागोत्सा वेशीजवळच्या रिसोर्जिमेंतो रस्त्यावर आहे; तरी घराचा करार करण्यापूर्वी वेळापत्रकातील इमारती पाहून घ्या, काही तास दुसऱ्या टोकाला असू शकतात. व्याख्यान नऊचे असेल तर ते सव्वानऊला सुरू होते, ती रीतच आहे. गुण ३० पैकी मिळतात, १८ ला उत्तीर्ण. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात आणि मिळालेले गुण पसंत नसतील तर ते नाकारून पुढच्या वेळी पुन्हा बसता येते. आपल्याकडून आलेला विद्यार्थी १९ मिळाले तरी आनंदाने घेऊन मोकळा होतो आणि मग सरासरी खाली आली म्हणून वर्षभर चुटपुटतो.

माणगंगा

वेळापत्रक पाहिले, पहिल्या सत्राचे जवळजवळ सर्व वर्ग रिसोर्जिमेंतो रस्त्यावरच आहेत. मग खोली कोणत्या भागात शोधावी?

इंद्रायणीकाठ

सारागोत्सा वेशीच्या आतबाहेर मिळाली तर चालत जाता येईल, पण त्या भागात भाडी चढी आहेत. मिळाली तर आपल्या विषयाची गंमत दाराशीच आहे: त्या वेशीपासून सान लूकाच्या टेकडीपर्यंत ६६६ कमानींचा, जवळजवळ चार किलोमीटरचा छपरी रस्ता जातो. घरांपुढे असे छपरी मार्ग ठेवलेच पाहिजेत आणि ते घोडेस्वार जाईल इतके उंच असले पाहिजेत, असा नियम या शहराने १२८८ मध्येच केला होता. आज ते सगळे मिळून ६२ किलोमीटर भरतात आणि त्यांतील काही निवडक भाग २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. गारिसेंडा हा झुकलेला मनोरा मात्र ऑक्टोबर २०२३ पासून धोक्यामुळे कुंपणाआड आहे, तो लांबूनच पाहावा लागेल.

स्वस्ताईसाठी बोलोन्यीना पाहा. किराणाही तेथेच आहे, पण कॉलेजला बसने जावे लागेल. मी स्वतः पश्चिमेकडील कासालेक्किओ सुचवेन. ते वेगळे गाव असले तरी बोलोन्याला लागूनच आहे, बस आणि लोकल गाडी दोन्ही आहेत, आणि विद्यार्थ्यांची झुंबड मध्यभागापेक्षा कमी असते. रात्री शेवटची बस किती वाजता सुटते ते खोली पाहायला जाल तेव्हा थांब्यावरच वाचून या. रविवारचे वेळापत्रक वेगळे असते. आल्यावर येथे संदेश टाका, करार वाचायला मी सोबत येईन.